मधल्या सुट्टीची गोळी

"मावशी, गोळी."

मधल्या सुट्टीचे टोले देऊन सरजाबाईनं हातातला लोखंडी गज अजून लिंबाच्या बुंध्याला टेकवलाही नव्हता, तोवर तिसरीतला भीमाशंकर हात पुढं करून उभा.

"आरं, दम खा जरा. डबा खाल्लास का?"

"भूकच न्हाई."

"दोन घास तरी खायचे व्हते."

"न्हाई जात, मावशी. दे ना."

तिनं ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप काढलं, पाकिटातून एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. भीमानं आपली पाण्याची बाटली उलटी करून दाखवली. रिकामी. ती रोजच रिकामी असायची. अर्धं पाणी तो पहिल्या तासाला पिऊन टाकायचा आणि अर्धं मैदानातल्या मुंग्यांच्या वारुळांना घालायचा. सरजाबाईनं आपल्या बाटलीतलं त्याच्या तोंडात ओतलं. मग तिनं घड्याळाकडं पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

साडेनऊला मधली सुट्टी म्हणजे विचित्रच. पण यंदा सगळंच विचित्र होतं. उदगिरात नळाला पंधरा दिवसांआड पाणी येत होतं, तेही येईल तेव्हा खरं. दुपारभर चारशे पोरांना पाजायला पाणी आणायचं कुठून, म्हणून फेब्रुवारी संपायच्या आतच शाळा सकाळची केली. साडेसातला भरायची, बाराला सुटायची.

सरजाबाई या शाळेत एकोणीस वर्षं सेविका होती. झाडायचं, हंडे भरायचे आणि टोले द्यायचे. लिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्याच्यावर गज मारला की पार मोंढ्याच्या बाजारापर्यंत ऐकू जायचं. शाळेत घड्याळं तीन, तिन्हींच्या वेळा वेगळ्या. मुख्याध्यापक शेषेराव सर स्वतःचं मनगटी घड्याळ तिच्या टोल्यावर लावायचे आणि वर तिलाच वेळेचं महत्त्व सांगायचे. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. बाकी कशात तिला फार कळत नव्हतं, पण किती वाजलेत हे ती आभाळाकडं बघूनही सांगायची.

भीमाची गोळी तिच्याकडं आली ती मागच्या जूनमध्ये. पोरगं वाईट नव्हतं. एका जागी बसणं तेवढं त्याच्या नशिबात नव्हतं. बाकावरून उडी मार, खिडकीतून बाहेर जा, दुसऱ्याची वही फाड आणि वर स्वतःच रड. मारून झालं, कोंडून झालं, अंगारे झाले. शेवटी त्याचा बाप शंकरप्पा त्याला लातूरच्या मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. हा खोडकरपणा नाही, लक्ष न लागण्याचा आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्या उदगिरात मिळतही नव्हत्या. शंकरप्पानं स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: 'शाळेला निघताना घरी एक. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर एक.'

"ही गोळी चारच तास पुरते, मावशी," त्यानं तेव्हा समजावलं होतं. "साडेनऊची उतरली की दीडला दुसरी. मास्तर लोक इसरत्यात. तुमचा टोला काही चुकत न्हाई, म्हणून तुमच्यावर सोपवून राहिलो."

ऐकून तिला मोठं वाटलं होतं. एकोणीस वर्षांत तिच्यावर झाडूशिवाय कुणी काही सोपवलं नव्हतं. तेवढ्यात शंकरप्पानं लिंबाच्या झाडाकडं बघत पुढचं वाक्य टाकलं.

"आन् पाणी तेवढं त्याच्याच बाटलीतलं देत जा."

तिला कळलं. हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातची गोळी चालत होती, पाणी चालत नव्हतं. गोळी पाकिटबंद असते म्हणून असेल. ती "हाव अप्पा" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी रिकाम्या बाटलीपुढं तो हुकूम मोडून बसली.

तर आता सकाळची शाळा. भीमा घरून सातला निघायचा, एक गोळी घेऊन. साडेनऊला मधली सुट्टी, दुसरी गोळी. कागदावर घड्याळ नव्हतंच, शाळा होती. शाळा सरकली तशा गोळ्याही सरकल्या आणि चार तासांचे अडीच झाले. ज्यांनी शिकून पदव्या घेतल्या त्यांच्यातल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नाही. उलट सगळे खूश होते. भीमा आता गुपचूप बसायचा. बाकावर बसवला की सुटेपर्यंत तिथंच.

सरजाबाईला ते बसणं आवडेना. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ओठांची सालं काढत राहायचा, रक्त निघेपर्यंत. सदऱ्याच्या गळ्यात आता दोन बोटं सहज जात होती. डबा उघडायचा, बघायचा आणि झाकण लावायचा.

"घरी तरी जेवतोस का रं?" तिनं एकदा विचारलं.

"दुपारी लई रडू येतंय. मग जेवत न्हाई."

"रडू कामून?"

"काय की. मग पाच वाजता अप्पा अर्धी गोळी देतेत. ट्यूशन असती ना. मग रातच्याला झोपच येईना, मावशी."

तिनं बोटांवर मोजलं. सातची एक, साडेनऊची एक, पाचची अर्धी. इतके दिवस साडेनऊची गोळी आपल्याच हातानं दिली, याची तिला लाज वाटली.

ती आधी वर्गशिक्षकांकडं गेली. निवृत्ती सर वह्या तपासत होते.

"सर, भीमाच्या गोळ्या लई जवळजवळ व्हायल्यात. चार तासांनी पायजे ती."

"सरजाबाई, आठ महिन्यांत पयल्यांदा मला वर्गात शिकवता येऊन राहिलंय. तेवढं राहू द्या."

शेषेराव सरांनी मान वर न करता सांगितलं, "गोळीचं डॉक्टर बघतील. तुम्ही टोल्याचं बघा."

संध्याकाळी ती मोंढ्यात शंकरप्पाच्या आडत दुकानासमोर जाऊन उभी राहिली. दारावर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा कापडी फलक होता; शंकरप्पा त्या समितीत होता. मालाची आवक नव्हती, हमाल पोत्यांवर झोपले होते. तिनं पायरीखालूनच सगळं सांगितलं, गोळ्यांच्या वेळा, डबा, ओठ, झोप.

"तुम्ही डॉक्टर कधी झालाव?" शंकरप्पा हसला. वाईट माणसाचं हसू नव्हतं ते, दमलेल्या माणसाचं होतं.

"डॉक्टरला एकदा इचारून तरी घ्या, अप्पा."

"लातूरला जायचं म्हणजे दिवस मोडतो. तिथं तर रेल्वेनं पाणी आणायची बोलणी चालू हायत, डॉक्टर तरी जाग्यावर हाय का कोणाला ठाव. एकदा जिल्हा होऊ द्या, मोठा दवाखाना इथंच येतो. मग बघू."

जिल्हा होणार असं सरजाबाई लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. तिची सून आली तरी जिल्हा आला नव्हता. तोवर पोराच्या सदऱ्याचा गळा अजून किती सैल होणार?

तिनं रात्रभर विचार केला असं नाही. झाडता झाडता ठरवलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला भीमानं हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता न्हाई. आदी डबा. गोळी अकराला."

आणि अकराला तिनं त्याला पाणी प्यायला म्हणून वर्गाबाहेर बोलावलं आणि गोळी दिली. तिला भीती वाटत होती. आपण अडाणी, डॉक्टरच्या कामात हात घालतोय, उद्या काही झालं तर? पण पाचव्या दिवशी भीमानं अर्धी भाकर खाल्ली, आणि आठव्या दिवशी तिच्यापाशी येऊन विचारलं, "मावशी, तुझ्या डब्यात लोणचं हाय का गं?" तिला इतका आनंद झाला की तिनं बरणीतली शेवटची फोडसुद्धा दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी आणली.

दहा ते अकरा मात्र भीमा पुन्हा जरा चुळबुळायचा. निवृत्ती सर कपाळाला हात लावायचे. ती म्हणायची, तासाभराचाच तर प्रश्न आहे.

घोळ झाला तो नेमका त्याच तासाभरात. त्या सोमवारी सकाळी नगरपालिकेचा टँकर शाळेची टाकी भरून गेला होता. आठवड्याचं पाणी. सव्वादहाला भीमा लघवीला म्हणून बाहेर पडला, टाकीमागं गेला आणि त्यानं खालचा मोठा कॉक पूर्ण फिरवला. कागदाची होडी सोडायची होती त्याला. महिनोन् महिने कुणी वाहतं पाणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी ओरडलं आणि तिसरीचा वर्ग पळाला, मग चौथीचा. पोरं पाण्यात नाचत होती, आणि कॉक बंद करायला सरजाबाई धावत पोचली तोवर टाकी तळाला गेली होती. भीमा चिखलात उभा राहून तिच्याकडं बघत हसत होता.

"मावशी, लांब गेली बघ होडी!"

ऑफिसात शेषेराव सर, निवृत्ती सर आणि बोलावून आणलेला शंकरप्पा. ती दारात उभी.

"साडेनऊची गोळी दिली होती का?" शेषेराव सरांनी विचारलं.

"न्हाई सर. अकराला देते मी. चार तास..."

"कोणाला विचारून?"

तिनं शंकरप्पाकडं पाहिलं. सांगून तर आले होते ना, असं तिला म्हणायचं होतं.

"माझ्या लेकराची गोळी तू दाबून ठेवत होतीस?" शंकरप्पा ओरडला. आतापर्यंत 'तुम्ही' होतं. "तुझ्यावर भरवसा ठिवला मी!"

मग काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं भिंतीला चिकटलेल्या पोराला विचारलं, "गोळी कुठल्या पाण्यानं घेत होतास रं?"

भीमाला खोटं बोलता येत नव्हतं. तेवढा वेळ तो कुठल्याच गोष्टीवर थांबत नसे.

"मावशीच्या बाटलीतल्या."

टाकीवरून एवढा आरडाओरडा झाला होता, यावर कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. शंकरप्पानं फक्त पोराचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं. शेषेराव सरांनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि क्लार्क नरसिंगच्या टेबलावर ठेवली. तिला काढलं नाही. तेवढ्या मानधनात चारशे पोरांचं झाडणारी दुसरी कोण मिळणार होती?

टाकीच्या प्रकरणानं घाबरून शंकरप्पा तीन दिवसांत लातूरला जाऊन आला. दिवस मोडला, पण डॉक्टर जागेवर होते. कपाटाच्या दारावर नवीन कागद आला. सरजाबाईनं तो फडकं मारताना एकेक अक्षर लावत वाचला. 'पहिली गोळी सकाळी ७, नाश्त्यानंतर. दुसरी सकाळी ११. चार तासांचे अंतर ठेवावेच. संध्याकाळी गोळी देऊ नये. वजन दर महिन्याला बघावे.'

तिनं दोनदा वाचला. मग फडकं खांद्यावर टाकून तशीच उभी राहिली.

"डॉक्टरनं बरोबर पकडलं बघा," शेषेराव सर निवृत्ती सरांना सांगत होते. "वेळाच चुकत होत्या. शेवटी मोठा माणूस तो मोठा माणूस."

तिला माफी नको होती. कुणीतरी एकदा तिच्याकडं नुसतं बघावं एवढंच तिला हवं होतं. दोघंही चहा पीत राहिले.

भीमा सुधारला. रात्री झोपू लागला, डबा संपवू लागला. शंकरप्पानं उपकार ठेवला नाही. शाळेला विजेची घंटा भेट दिली, आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावून. घड्याळाला जोडलेली, आपोआप वाजणारी. घंटेला हार घातला, नारळ फोडला. "आता माणसाच्या मर्जीवर वेळ चालणार नाही," शेषेराव सर भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. नारळाची करवंटी आणि फुलं सरजाबाईनं झाडून गोळा केली. रुळाचा तुकडा लिंबालाच राहिला, काढायला कुणाला सवड नव्हती.

घंटा दर तासिकेला वाजे, मधल्या सुट्टीला वाजे. अकरा मात्र तासिकेच्या मध्येच वाजायचे, तेव्हा घंटा वाजत नव्हती. नरसिंगनं पहिला आठवडा गोळी आठवणीनं दिली. मग तो कधी सव्वाअकराला द्यायचा, कधी पावणेबाराला, आणि एकदा दिलीच नाही. सरजाबाई वऱ्हांडा झाडता झाडता हे बघत होती. एकदा बोलून झालं होतं तिचं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तिनं सावलीकडं पाहिलं. तिसरीच्या खिडकीतून भीमा बाहेर बघत होता, ओठाचं साल काढत. ऑफिसात नरसिंग मोबाइलवर मॅच बघण्यात गढलेला. तिनं झाडू भिंतीला लावला, पदर खोचला, लिंबाकडं गेली आणि बुंध्यामागचा गज उचलून रुळावर एकच टोला दिला. मोंढ्यापर्यंत ऐकू जाईल असा.

शेषेराव सर धावत बाहेर आले. "कसला टोला हा? कोणी सांगितला?"

"अकरा वाजले, सर," ती म्हणाली.

सरांनी नकळत मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. आत नरसिंगच्या खुर्चीचा आवाज झाला, कपाटाचं कुलूप उघडलं. थोड्या वेळानं भीमा वऱ्हांड्यात आला. त्याच्या एका हातात गोळी होती आणि दुसऱ्या हातात बाटली. तिच्यापाशी येऊन त्यानं ती बाटली नेहमीसारखी उलटी करून दाखवली.

सर बघत होते. सरजाबाईनं गज खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि आपली बाटली उघडली.

"आ कर," ती म्हणाली.