परातीतले किडे

दर गुरुवारी वेल्ह्याच्या बाजाराबाहेर सावळारामबाबांच्या मांडवापुढे जीप आणि टेम्पोंची रीघ लागायची. नाक चोंदलेले, कपाळ ठणकणारे, वर्षानुवर्षे सर्दी न हटलेले लोक पहाटेपासून रांग धरून बसत. बाबा पाण्याच्या परातीत वीट ठेवून त्यावर लालभडक तवा ठेवत, तुपात भिजवलेल्या बिया त्यावर टाकत आणि वर भोकाचं मडकं पालथं घालत. भोकातला धूर रोग्यानं नाकानं ओढायचा. मग मडकं उचललं की पाण्यावर पांढरे, वळलेले किडे! बघणाऱ्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

“सायनस म्हंजी किड्यांचं वारूळ!” बाबा गरजायचे. “एक्सरेत का दिसत न्हाईत? एक्सरे आला की दडून बसत्यात, लबाड लेकाचे!” एक्सरे ओळखणारा किडा खरं तर शाळेत घालायला हवा होता; पण हसलं कुणीच नाही.

त्या गुरुवारी ठकुबाई सुनेला, रत्नाला, धरून बसल्या होत्या. ही तिसरी खेप. वर्षभर रत्नाचा उजवा गाल ठणकत होता, त्याच नाकपुडीतून घाणेरड्या वासाचा पू येत होता. नसरापूरच्या डॉक्टर नसरीन यांनी गोळ्या देऊन स्कॅन करायला सांगितलं होतं. बाबांनी गोळ्या बंद करायला लावल्या, स्कॅनही करू दिलं नाही. आज सकाळी रत्नाला ताप भरला होता आणि उजवा डोळा सुजून मिटला होता.

तरी धुरावर ठकुबाईंचा विश्वास होता, कारण चाळीस वर्षं काटेरी भुईरिंगणीच्या याच बियांचा धूर देऊन त्या स्वतःच गावाच्या दाढांतले किडे पाडत आल्या होत्या. फुकट, आणि अगदी मनापासून.

“राणीकिडा डोळ्यामागं बसलाय,” बाबा म्हणाले. “अजून दोन गुरुवार लागत्याल.”

“आत्याबाई, मला दिसंना झालंय वो,” रत्ना पुटपुटली.

बाबांनी परातीत नवं पाणी ओतलं, बिया टाकल्या, मडकं घातलं. रत्ना उठली, दोन पावलं चालली आणि कोसळली. मडक्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. धावपळीत कुणाचा तरी पाय लागून मडकं कलंडलं.

परातीत किडे तरंगत होते. नेहमीएवढेच.

ठकुबाईंना भीती वाटली, ती किड्यांची नव्हे. “बाबा, सून माझी हितं पडलीया. मंग ह्ये कुणाच्या नाकातलं?”

“मंत्रानं लांबूनच वढलं म्या!”

“लांबून वढता येतंय, तर तापल्या पोरीला हितवर का आणाया लावलंसा?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. एका जीपवाल्यानं सासूसुनेला नसरापूरला पोचवलं. डोळा पाहताच डॉक्टर नसरीन यांनी रत्नाला पुण्याला पाठवलं. त्याच संध्याकाळी तिच्या गालाच्या पोकळीतला आणि डोळ्यामागचा पू काढावा लागला. जीव वाचला. डोळा जागेवर राहिला, पण त्यातली नजर निम्मीही परतली नाही.

“असं का झालं वो?” ठकुबाईंनी नंतर डॉक्टर नसरीन यांना विचारलं.

“सायनस म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांची वाट बंद झाली की आत पू साचतो. कुणाला ॲलर्जी असते, कुणाच्या नाकातला पडदा वाकडा, कुणाच्या नाकात मांस वाढतं. कारण शोधून औषध द्यायचं, लागलं तर ऑपरेशन. रत्नाच्या वरच्या दाढेचं मूळ सडलं होतं, आजी. ते त्या पोकळीलाच टेकलेलं असतं, तिथूनच पू वर चढला.”

“आन किडं?”

“बी तापून फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. वळलेला, पांढरा.”

ठकुबाई म्हणाल्या, “त्या दाढंला दोन वरसामागं म्याच धूर दिला व्हता. ठणका थांबला व्हता की.”

“नस मेली की ठणका थांबतो. सडणं थांबत नाही.”

पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी ठकुबाई आपला तवा, परात, मडकं घेऊन बाबांच्या रांगेपुढेच बसल्या. बाबा “हाकला तिला!” म्हणून ओरडेपर्यंत बिया तडतडल्याही होत्या. मडक्याजवळ कुणालाही फिरकू न देता त्यांनी ते उचललं. परात किड्यांनी भरली होती. रांगेतले लोक उठून परातीवर वाकले.

“चाळीस वरसं म्या ह्येच केलं,” ठकुबाई म्हणाल्या. “कुणाला फसवायचं मनात न्हवतं, तरी माझ्या सुनंचा डोळा अधू झाला. आता माझ्यावर बी इस्वास ठिवू नगा. घरी जावा, कुणाचं नाक न लावता मडक्याखाली तापल्या तव्यावर बी टाका आन सोता बघा. पर नाक दुखत आसंल, तर आदी डाक्टरकडं जावा. आजच जावा.”