शिकागो दर्शन आणि बेसमेंटचं काम

रिटायर झाल्यापासून शॉमबर्ग या उपनगरातल्या कुठल्याही मराठी घरी पाहुणे आले, की त्यांना शिकागो दाखवायचं काम कुमारकाका आगाशे अंगावर घेत. पाहुण्यांना मॉल हवा असे, काका पूल दाखवत. बोटी आल्या की मधोमध दुभंगून वर उठणारा नदीवरचा दुमजली पूल तर ते अशा थाटात दाखवत, की तो त्यांनीच बांधला असावा. नोकरीभर त्यांनी पावसाचं पाणी वाहून जायला पार्किंग लॉटचे उतार काढले होते, पण तो विषय टूरमध्ये येत नसे.

त्या शनिवारी पाहुणी एकच होती. प्रणिता शहरात ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग शिकत होती. उन्हाळ्यासाठी तिला शॉमबर्गच्या एका ऑफिसात इंटर्नशिप मिळाली होती, पण तिच्याकडे गाडी नव्हती. तिथून चालत जाण्याजोगी एकच खोली होती, ती काकांच्या बेसमेंटमधली. उत्तराकाकूंनी फोनवर जवळजवळ हो म्हटलं होतं. आधी टूर, मग घरी खोली बघायची, मग जेवण, असं ठरलं होतं.

मुलगी काकांना आवडली. "एवढा वजनदार पूल एवढ्याशा मोटरने उठतो कसा?" असं आपण होऊन विचारणारा पाहुणा त्यांना आजवर मिळाला नव्हता. त्या आनंदात, पाणी हवंय का विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"तुझं आडनाव राहिलंच की गं."

"मी लावत नाही, काका. वडिलांचं नाव लावते."

"तसं नव्हे, मूळचं?"

"मूळची नागपूरची."

"नागपुरात कुठे?"

"इंदोऱ्याची, बौद्ध वस्तीतली. आता कळलं ना?" प्रणिता हसून म्हणाली.

"अच्छा," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "अच्छा."

गाडीत बसेपर्यंत बेसमेंटचं काम निघालं होतं. "ओल आलीये गं. सगळं फ्लोअरिंग उखडायचंय. जेवायला मात्र ये हं."

"मागच्या वर्षी अर्विंगला खोली बघतानाही असंच झालं," प्रणिता म्हणाली. "त्या काकूंकडे बेसमेंट नव्हतं, म्हणून त्यांनी माळ्याचं काम काढलं."

काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून काका टूरचंच पुढे बोलू लागले. गाडी पश्चिमेकडच्या एक्स्प्रेसवेला लागली होती आणि इथलं भाषण त्यांना पाठ होतं. "या रस्त्यासाठी माणसं उठवली. गरीब, काळे, नुकते आलेले. वस्ती कुणाची ते आधी बघितलं, मग नकाशावर रेघ मारली." इथे त्यांचा आवाज नेहमी भरून येई. आजही आला, आणि त्याचं पुढे काय करावं ते त्यांना कळेना.

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर काकूंचा फोन आला. "अहो, खोलीत नवी चादर घातलीये. प्रणिताला कढी चालते का, विचारा."

"चालते, काकू. पण बेसमेंटचं काम निघालंय ना?"

"कसलं काम?"

काकांचे कान तापले.

"काम काही नाहीये," ते शेवटी म्हणाले. "घरी आलो की सांगतो." फोन बंद करून, समोर बघतच ते म्हणाले, "ये तू राहायला. खरंच ये."

"खोलीचं मी काकूंना कळवीन. मला पुढच्या स्टेशनला सोडा, काका."

उतरल्यावर ती खिडकीशी वाकली. "पुलाचं फार छान सांगितलंत." ती मनापासून बोलत होती. टोमणा असता तर काकांना सोपं गेलं असतं.

काका पुन्हा एक्स्प्रेसवेवर गेले नाहीत, त्यांनी आतला, सिग्नलांनी भरलेला रस्ता धरला. कसलं काम, ते आता काकूंना सांगायचं होतं. सिग्नल नेमके एकामागून एक हिरवे मिळत गेले.