सरावाचा सांगाडा

आमच्या कॉलेजच्या रोबोटचे दोन सांगाडे होते, एकाच मापाचे. एक स्पर्धेसाठी, दुसरा सरावासाठी. जे मोडायचं ते सरावाच्या सांगाड्यावर मोडायचं, आणि दुरुस्ती जमली की तीच स्पर्धेच्या सांगाड्यावर करायची. कल्पना उत्तम होती. फक्त आमचा कॅप्टन केयूर हा सोफ्यावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घरातला होता. त्यानं स्पर्धेच्या रोबोटपुढे नारळ फोडला आणि त्यालाही प्लॅस्टिक घातलं.

मी दीपमाला, पुसदची. रोबोट जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वर्षभर सरावाचा रोबोट भिंतीवर आपटत होता आणि मी त्याला भोकं पाडत होते, पत्र्याचे तुकडे ठोकत होते, चाकं सरकवत होते. त्याची पार रया गेली, पण शेवटी तो पट्टी सोडेना.

"आता हेच दुसऱ्यावर करू या," मी म्हणायचे.

"त्याला भोकं नकोत. नंतर बघू," केयूर म्हणायचा.

भांडायला ताकद लागते. परीक्षा आणि मेसच्या जेवणातून ती उरत नव्हती. हिंजवडीत नोकरी ठरली होती. त्याआधी एकदा चारचौघांत आपला रोबोट पट्टीच्या टोकाला पोचलेला बघायचा, एवढीच माझी हौस होती.

स्पर्धेला निघायच्या दिवशी दुपारी प्लॅस्टिक निघालं. स्पर्धेचा रोबोट थोडा पुढे गेला आणि डावीकडे वळला.

"सरावाचाच नेऊ," मी म्हणाले.

"हे भंगार? कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे, दीपमाला."

बसमध्ये मी प्रोग्रॅममधले आकडे बदलत बसले. व्हायचं तेच झालं. पहिल्याच फेरीत तो डावीकडे गेला आणि आम्ही बाहेर पडलो. वर सर्वांत देखण्या रोबोटचं बक्षीस मिळालं. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला.

नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी लॅबमधलं सामान आणायला गेले. सरावाचा रोबोट भंगारात काढला होता. मी बॅटरी लावली आणि त्याला पट्टीवर सोडलं. तो खडखडत टोकापर्यंत गेला आणि थांबला. मला रडूच आलं.

मागे वळले तर दारात केयूर. बक्षिसाची ढाल कपाटात ठेवायला आला होता, प्लॅस्टिकसकट.

"अरे, हा सरळ जातो की!"

"रोजच जायचा," मी म्हणाले.