मोरीत ओतलेला अर्क

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर धाकट्या सुनेच्या उरलेल्या किडनीची दोन चित्रं शेजारीशेजारी झळकली आणि अर्कबाबांनी छडी आपटली.

"ऑपरेशनआधी दहा सेंटीमीटर, आज साडेअकरा! हिनं भावाला दिलेली किडनी परत उगवतेय. कशावर? माझ्या अर्कावर! आता हवीत कशाला ती यंत्रं, त्या सुया?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रिपोर्ट सासूबाईंनीच कौतुकानं आणून दिले होते. पहिल्या रांगेत थोरल्या जाऊबाई सुजल्या तोंडानं, धापा टाकत बसल्या होत्या. दोन्ही किडन्या निकामी, आणि अर्काच्या भरवशावर डायलिसिसच्या चार फेऱ्या चुकवलेल्या.

धाकटी उठली. लेकीच्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंही वाचून काढणारी बाई ती.

"मी या अर्काचा थेंबही प्यायले नाही. बाटलीवर ना घटक, ना तारीख. घरात वाद नको म्हणून गुपचूप रोज झाकणभर मोरीत ओतला."

"मग किडनी वाढली कशी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"किडनी दिलेल्या बहुतेक सगळ्यांची वाढते. दोघींचं काम एकटीवर पडलं की तिच्याकडे रक्त जास्त येतं, आतल्या बारीक गाळण्या मोठ्या होतात. नवी एकही उगवत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं. पण त्याला किडनी धडधाकट लागते. ताई, तुमच्या गाळण्याच गेल्यात हो. आत्ता दवाखान्यात चला!"

मग बाबा खदखदून हसले. "बघा! मोरीत ओतला तरी एवढा गुण, पोटात गेला तर काय होईल!"

हॉल हसला. धाकटीनं जाऊबाईंचा हात धरला. सुजेत तिच्या बोटांचे खळगे तसेच राहिले.

"तुला काय कळणार गं त्या सुया?" जाऊबाईंनी हात सोडवून घेतला. "बाबा, मला दोन बाटल्या."

पाचव्या दिवशी त्या गेल्या.

"श्रद्धा कमी पडली बिचारीची," सासूबाई म्हणाल्या.

आठवड्यानं शेजारीण दारात आली. "उरलेल्या बाटल्या वाया कशाला घालवता? माझ्या भावाला होतील."

"एकच विचारते, मावशी," धाकटी म्हणाली. "हा अर्क ज्यांनी घेतलाच नाही, त्यांचं काय झालं, हे कुणी पाहिलंय का? कुठलाही चमत्कार आधी या प्रश्नावर घासून बघा. माझ्या जाऊबाईंसाठी तो मी फार उशिरा विचारला."

मावशींनी मान डोलावली. मग हळूच म्हणाल्या, "ते खरं गं. पण एखादी तरी दे."