एकशेएकचा हट्ट

मरोळ गावठाणातल्या व्हायोलेटच्या नवऱ्याला, अर्बनला, न्यूमोनियानंतर घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं. डॉ. स्वरदाने बजावलं होतं, "अंकल, दोन लिटर. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णव आला की पुरे." अर्बनला पुरलंही असतं. पण रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून व्हायोलेटचा भाऊ जेफ्री आला, त्याने गंमत म्हणून चिमटा आपल्या बोटाला लावला आणि नव्याण्णव काढून गेला.

अर्बन त्या दिवशी धड जेवला नाही. "मी एकशेएक काढणार," म्हणाला.

"अरे, शंभराच्या वर आकडाच नसतो!" व्हायोलेट म्हणाली.

"कुणी मनापासून प्रयत्नच केला नसेल."

शेजारच्या नादियाच्या सासऱ्यांचं मशीन त्यांच्या माघारी पडून होतं. अर्बनने ते मागून आणलं, नळीला नळी जोडली, दोन्ही मशिनं फुल केली आणि मास्क चढवला. व्हायोलेटने बटण कमी करावं, त्याने वाढवावं, असं तीन दिवस चाललं. शंभर आलं. एकशेएकच्या वाटेवर मात्र छाती जळायला लागली, खोकला सुरू झाला. अर्बन त्याला मेहनतीचा त्रास समजत होता. शेवटी व्हायोलेटने डॉक्टरला घरी बोलावलं.

स्वरदाने आधी जादा मशीन बंद केलं, मग समजावलं, "फुफ्फुसात एन्झाइम असतात. जुनं, खराब झालेलं तोडून जागा साफ करायची, हे त्यांचं काम. ऑक्सिजन जास्त झाला की आत सूज येते, एन्झाइम भरमसाट सुटतात आणि चांगल्या भिंतीही तोडायला लागतात."

अर्बनची सगळी नोकरी पालिकेच्या तोडकाम पथकात गेलेली. तो ताठ बसला. "नोटीस न देता?"

"त्यांना आवरणारे असतात आत, पण ते कमी पडतात."

"म्हणजे सुपरवायझर कमी! आणि ऑर्डर कुणाची?"

"तुमची. ते बटण कोण फिरवत होतं?"

अर्बनने बटणाकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच व्हायोलेटने त्याला स्वतःच्याच ऑर्डरपुढे मान खाली घालताना पाहिलं. त्याने मास्क उतरवला, साधी नळी नाकाला लावली आणि बटण दोनवर आणलं. एक्स-रे निघाला, औषधं झाली. खोकला हळूहळू गेला. तरी चर्चच्या पायऱ्या चढताना त्याला आता मध्ये थांबावं लागतं, आणि व्हायोलेट चप्पल नीट करायच्या निमित्ताने त्याच्याबरोबर थांबते.

हे सगळं जेफ्रीच्या कानावर गेलं, तसा तो घामाघूम होऊन धावत आला. "व्हायोलेट, माझी वाट लागली! माझा नव्याण्णव आहे! आत सगळं पाडत असतील गं!"

"वेड्या, तुझा साध्या हवेतला आहे. तुला काही होत नाही."

पण तो ऐकतोय कुठला! आकडा खाली आणायला बोटाला चिमटा, गाल फुगवलेले, श्वास कोंडलेला. अर्बन खुर्ची ओढून समोर बसला. "अठ्ठ्याण्णव... सोडू नकोस... सत्त्याण्णव! शाबास!"

जेफ्री जांभळा व्हायला लागला, तेव्हा व्हायोलेटने त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि चिमटा काढून घेतला. मग दोघांच्या मध्ये वालाची परात ठेवली. "सोला," ती म्हणाली. "आणि श्वास घेत घेत सोला."