सगळ्यात वडील माणसाच्या उशाशी

गल्लीतल्या घरांत किती तापतं ते मोजायचं काम नगरपालिकेनं वहिनींकडे दिलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. वहिनी बोलायच्या हळू, पण त्यांचा शब्द गल्लीत खाली पडत नसे. उन्हाळे वर्षागणिक कडक होत चालले होते. ज्या गल्लीला जास्त झळ बसते, तिथल्या छपरांना ऊन अडवणारा थर आधी मिळणार होता. त्यासाठी घराघरांत तापमापक वाटले होते. नियम एकच होता. घरातलं सगळ्यात वडील माणूस जिथं झोपतं, तिथं त्याच्या उशाशी तो टांगायचा.

शिंप्यानं आपला तापमापक दुकानात पंख्याखाली लावला होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "भाऊ, वडील तर मागच्या खोलीत झोपतात ना? मग हे खोटं माप कुणासाठी?"

शिंपी ओशाळला. "जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली वहिनी, घरचंच चुकलं," म्हणत त्यानं तो काढून आत नेला.

आठवड्यानं तपासणीला नगरपालिकेच्या एक बाई आल्या. साऱ्या गल्लीत वहिनींचं घर तेवढं थंड निघालं होतं आणि त्यामुळे गल्लीची सरासरी खाली आली होती. "यंत्र बिघडलं असेल," बाई म्हणाल्या. शिंपी शिडी घेऊन बरोबर आला.

तापमापक देवाच्या खोलीत होता. जाड भिंतींची, उत्तरेच्या खिडकीची ती तळमजल्यावरची खोली. वहिनी रोज दुपारी तिथं जपाला बसत. जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

"इथं झोपतं कोण?" बाईंनी विचारलं.

जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "देव झोपतात. आमच्या घरात सगळ्यात वडील तेच."

बाई हसल्या. "बरं. आणि त्यांच्या खालोखाल?"

"त्यांच्या खालोखाल मी. पण मी आपली वर असते. वर वारं छान येतं."

वहिनींनी मान खाली घातली. वर वारं येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सासूबाई आपल्याला सांभाळून घेताहेत, हेही कळत होतं.

सगळे वर गेले. पत्र्याची खोली. खिडकीला ओली चादर बांधलेली, तीही वाळून खडखडीत झालेली. लोखंडी पलंगाच्या कडेला बाईंनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. उशी पलंगावर नव्हती. ती दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर होती.

"इथं झोपता, आजी?"

"पाठीला बरं असतं जमिनीवर."

शिंप्यानं शिडी भिंतीला टेकवली. तो वहिनींकडे बघत नव्हता. "खिळा कुठं मारू?" एवढंच त्यानं विचारलं. त्यानं टोमणा मारला असता, तर वहिनींना बरं वाटलं असतं.

"उशाशी," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उशाशी मारा भाऊ."

बाईंनी जाताना सांगितलं, "आठवडाभर यंत्र इथं राहू द्या. माणूस राहायची गरज नाही."

संध्याकाळी शिंप्यानं आणि वहिनींनी पलंग खाली आणला. देवाच्या खोलीत तो मावेना, म्हणून वहिनींनी देवाचा चौरंग कोपऱ्यात सरकवला. सासूबाई दाराबाहेर उभ्याच राहिल्या.

"अगं, देवाला कशाला हलवतेस? मी बाहेर पडवीत पडेन."

"आई, आत या."

"माझा खोकला आहे गं. तुझा जप मोडतो."

शिंपी निमूटपणे शिडी उचलून निघून गेला. खोकल्याबद्दल वहिनी कधी काही बोलल्या नव्हत्या. दोन-तीनदा जप अर्धवट टाकून त्या उठल्या होत्या, एवढंच. त्यानंतर सासूबाईंनी आपण होऊन अंथरूण वर नेलं. 'नको' म्हणायला त्या वेळी वहिनींना आवाज सापडला नाही, आणि आपण मऊ बोलतो याचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जपाला बसल्या. पलंगावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माळ थोडी पुढं सरकली आणि पलंग हलल्याचं जाणवलं. वहिनींनी डोळे उघडले. सासूबाईंनी चादरीचं टोक तोंडात कोंबलं होतं. खांदे गदगदत होते, पण आवाज येऊ देत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वहिनींनी माळ खाली ठेवली.

"आई," जप अर्ध्यावर सोडून त्या म्हणाल्या, "खोका. मोकळं खोका."

सासूबाईंनी मान हलवून नको म्हटलं. वहिनी उठल्या, पलंगावर बसल्या आणि त्यांच्या तोंडातली चादर हळूच काढू लागल्या. म्हातारीनं ती दातांत धरून ठेवली होती.