दोघांची करवत

घटस्फोटात माझ्या मुलाने घर घेतलं, सुनेने गाडी आणि कुत्रा घेतला, आणि करवतीवरून मात्र दोघं महिनोन्महिने भांडत बसले.

करवत साधी नव्हती. न्यूझीलंडच्या एका कारागिराने खास ओंडके कापायच्या शर्यतीसाठी बनवलेली, माणसाच्या उंचीहून लांब, दोन्ही टोकांना पेचाने बसणारी एकेक मूठ. वकील म्हणाला, विका आणि पैसे वाटून घ्या. ब्रेट आणि रोवेनाने स्त्री-पुरुष जोडीच्या शर्यतीत टास्मानियाभर बक्षिसं मारलेली; पोटचं पोर विकायला सांगितल्यासारखं दोघं त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी दोघांनी आपापली मूठ काढून नेली आणि पातं माझ्या शेडमध्ये आणून ठेवलं. दात्यांना कानस मीच मारते, म्हणून म्हणे मी तटस्थ. मी कसली तटस्थ? मुलगा माझा, पण जीव सुनेवर.

पातं माझ्याकडे, म्हणून रोवेना दर रविवारी येत राहिली. बघायला करवत, प्यायला माझी बिअर आणि नावं ठेवायला माझा मुलगा. करवत नसती तर ती आली नसती, आणि मीही तिला बोलावलं नसतं. ताठा आम्हा दोघींतही आहे. शर्यतींचा मेळा आला की ती आणि ब्रेट आपापली मूठ बसवायचे, एकमेकांशी शब्द न बोलता ओंडका कापायचे, बक्षीस घ्यायचे आणि मूठ काढून घरी जायचे. संसारात जमलं नाही ते ओंडक्यावर जमायचं.

मग टॅमसिन आली. ब्रेटची नवी. बाई चांगली होती, हेच वाईट. माझ्यासाठी लिंबाचा केक घेऊन आली आणि तोही मेला चवीला छान निघाला. "एनिड, मलाही करवत शिकायचीय," म्हणाली.

यंदाच्या मेळ्याच्या सकाळी ब्रेट पांढरं बनियन चढवून शेडमध्ये आला.

"आई, आज शेवटचं. रोवेनाशी बोललोय. ती मूठ देतेय, मी तिचे अर्धे पैसे देतोय. संध्याकाळी करवत माझ्या घरी."

"आणि कानस कोण मारणार? तुझा बाप वरून येणार?"

"टॅमसिन शिकेल."

"केकच्या सुरीवर?"

"आई, घटस्फोट माझा झालाय. तुझा नाही."

मी तेलाची बाटली शोधायला लागले, ती हातातच होती.

मैदानावर रोवेना गाडीला टेकून शिंपल्यांच्या मांसाचं सारण भरलेली पाई खात उभी होती.

"खरंच देणारेस मूठ?" मी विचारलं.

"द्यायलाच हवी, आई. सोडलेल्या नवऱ्याच्या आईकडे किती दिवस येऊ मी? लोक हसतात."

"लोक गेले खड्ड्यात. रविवारी काय करशील?"

"योगासनं," ती म्हणाली.

मला रडू येत होतं. म्हणून मी तिच्या हातातली उरलेली पाई घेऊन खाऊन टाकली. तिने ती खाऊ दिली, आणि एरवी ती पाईच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारी नाही.

शर्यतीत माझं काम पात्यावर तेल मारायचं आणि कापात पाचर बसवायची, म्हणजे ओंडका पातं चावत नाही. मुलाच्या संसारात पाचर मारणारी सासू म्हणून गावात माझं नाव आहे, पण ओंडक्यात ती नियमाने चालते. बाकी या करवतीचा नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा, समोरचा नेतो. ढकललं की पातं वाकतं. नवशिके ढकलतात. रोवेना नवशिकी असतानाही ढकलत नसे.

आमची जोडी सगळ्यांत तगडी, म्हणून पंच बाकीच्यांना आधी सोडतो आणि आमचा आकडा शेवटी मोजतो. शेजारच्यांचा भुसा उडायला लागला तरी हे दोघं थांबलेले. मग सुटले. अर्ध्या ओंडक्यापर्यंत सगळ्यांना गाठलं. मी पाचर घेऊन वाकले आणि तेव्हाच बघितलं. रोवेनाचा हात सैल पडला नाही. मनगट ताठ झालं, खांदा पुढे आला आणि तिने होतं नव्हतं ते बळ लावून ढकललं. तिच्या बाजूला पातं वाकलं, टण्णकन वाजलं आणि करवत ओंडक्यात रुतून बसली.

"काय केलंस तू?" ब्रेट ओरडला.

"हात घसरला."

"तुझा?"

"वय झालं," रोवेना म्हणाली आणि शांतपणे कपाळ पुसायला लागली.

शेजारच्यांचे ओंडके पडले, टाळ्या झाल्या. आम्ही पाचरी ठोकून पातं बाहेर काढलं. तिच्या बाजूला चांगला पोक आला होता. ब्रेटला कापता येतं, पात्यातलं कळत नाही. ते तो मलाच विचारतो.

"आई, होईल का काही?"

मी पोकावरून अंगठा फिरवला. रोवेना बुटाची नाडी बांधत होती.

"भंगार," मी म्हणाले. "यावर टॅमसिनला शिकवलंस तर तिचा हात मोडेल. तिला नवी घे."

टॅमसिनने माझ्या खांद्यावर हात ठेवून "फार वाईट झालं" म्हटलं, आणि तिला ते खरंच वाटत होतं. ब्रेट शिव्या देत बिअरच्या तंबूकडे गेला, ती त्याच्या मागून.

पातं उचलून आम्ही दोघी माझ्या गाडीकडे निघालो. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं तिच्या.

"सरळ होईल?" तिने मागून विचारलं.

"ऐरणीवर हळूहळू ठोकावं लागेल. रविवारी रविवारी. आणि दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं." मी मागे न बघता चालत राहिले. "वर्ष तरी जाईल."

याहून मोठे पोक रोवेनाने स्वतः माझ्या शेडमध्ये एकाच दुपारी काढले होते.

"वर्ष तर जाणारच," ती म्हणाली. "जास्तच लागेल, आई."